मदत हवी आहे: अनुदान घेणाऱ्या संस्थेला माहिती अधिकार कायदा लागू होतो का? (इंदूर)

रामबागकर:
इंदूरच्या एका नोंदणीकृत संस्थेसाठी विचारतोय. काम वृद्धांच्या दिवसभराच्या सांभाळाचं. सरकारी अनुदान खर्चाच्या 35 टक्के, जागा शासनाची, नाममात्र भाड्यावर. एका गृहस्थांनी तीन वर्षांचे हिशेब, पगारपत्रक आणि देणगीदारांची यादी मागितली आहे. कार्यकारिणी म्हणते, 50 टक्क्यांच्या आत आहोत, 'आम्ही खासगी' असं लिहून मोकळं व्हा. अर्ज येऊन 11 दिवस झाले.

छत्रीबाग:
सरकारचा 'भरीव निधी' असेल तर संस्थेला कायदा लागू होतो, पण 50 टक्क्यांची रेषा कायद्यात नाहीच. 2019 च्या डीएव्ही कॉलेज ट्रस्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिलंय: 10,000 भांडवलाच्या संस्थेला 5,000 मिळाले तर निम्मे असूनही तो भरीव निधी नव्हे; शेकडो कोटी मिळाले तर निम्म्याहून कमी असले तरी भरीव. सरकारी पैशाशिवाय काम नीट चालेल का, हेही बघतात.
तुमची खरी अडचण जागा आहे. शहरातली जमीन फुकट किंवा फार सवलतीत मिळाली तर तीही निधीत धरतात, आणि किंमत वाटपाच्या दिवशीचीच नव्हे, आजचीही. भाडेपट्टा काढा, त्यातलं क्षेत्रफळ आजच्या गाइडलाइन (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) दराने गुणा, मग 35 टक्के किती लहान दिसतात ते कार्यकारिणीला दाखवा.

सराफा_रात्रपाळी:
दुसरी बाजूही आहे. 2013 च्या थलप्पलम बँक निकालाप्रमाणे निधी भरीव आहे हे दाखवायचा भार अर्जदारावर किंवा शासनावर. म्हणजे वाद घालता येतो. पण घालून मिळणार काय? कलम 2(एफ) मुळे सरकारी खात्याला खासगी संस्थेकडून दुसऱ्या कायद्याने जे मागवता येतं, ते अर्जदार खात्याकडूनच घेईल. लेखापरीक्षित हिशेब तर फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे (संस्था नोंदणी कार्यालयात) दरवर्षी जातातच.

रामबागकर:
मग पगार आणि देणगीदार?

छत्रीबाग:
कर्मचाऱ्यांचा मासिक मोबदला कलम 4(1)(ब) च्या 17 बाबींतच येतो, कायदा लागू असेल तर तो आपणहून जाहीर करायचा असतो. पगारपत्रकातले पॅन, बँक खातं, कर्जाची कपात मात्र कलम 10 प्रमाणे झाकून बाकी द्या. काळ्या मार्करवर भरवसा नको, उजेडात अक्षरं दिसतात. मार्कर मारून पुन्हा झेरॉक्स काढा आणि तीच प्रत द्या.
देणगीची एकूण रक्कम सरळ द्या. नाव गुप्त ठेवा असं ज्यांनी कळवलंय, त्यांना कलम 11 ची नोटीस (तुमची माहिती मागितली आहे, म्हणणं मांडा, अशी). ती अर्ज आल्यापासून 5 दिवसांत जायला हवी होती, आता आजच पाठवा. त्यांना म्हणणं मांडायला 10 दिवस, निर्णय अर्जापासून 40 दिवसांत. बाकीच्या माहितीला 30 च.

सराफा_रात्रपाळी:
आणि आधी पानं मोजा. प्रतींच्या शुल्काचं पत्र हिशेबासकट पाठवलं की पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. 30 दिवस उलटले तर सगळं फुकट द्यावं लागतं. वर दंड रोज 250, कमाल 25,000, आणि तो माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. म्हणून हा अधिकारी नेमल्याचा ठराव आजच्या तारखेचा करा, मागची तारीख घालू नका.