चतुराचे क्लोजअप : मॅक्रो लेन्स घेऊ की आहे त्यात भागवू?

केळीबाग_रावेर : राम राम मंडळी. विहिरीजवळच्या हौदावर चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ किडे) येतात, त्यांच्या फोटोंचं वेड लागलंय. कॅननचा १५००डी कॅमेरा आणि ५५-२५० एसटीएम झूम लेन्स आहे. जवळ गेलो की उडतो, लांबून काढला की डोळे धूसर. बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी १०० एमएमची मॅक्रो लेन्स घ्यावी म्हणतोय, पण यंदा घरात खर्चाचा विषय काढायची सोय नाही. काय करू?

पांझराकाठ : इतली घाई कसाले, भाऊ? तुमची लेन्स पूर्ण झूमवर, म्हणजे २५० वर ठेवा आणि ८५ सेंमीपर्यंत जवळ जा, फोकस लागतो. तेवढ्यात चौकटीत साधारण पावणेआठ सेंमी रुंदी मावते. चतुर चार-साडेचार सेंमीचा. म्हणजे अख्ख्या चतुरासाठी काहीच विकत घ्यायला नको. कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर धरा, कडेने. तिरका धरला तर डोळा लख्ख आणि बाकी सगळं धुक्यात.

आणि उडाला म्हणून मागे धावू नका. काडीवर बसणारा चतुर बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. तो गेला की दोन पावलं पुढे सरका, आला की पुतळा व्हा. सावली मात्र त्याच्यावर पडू द्यायची नाही.

हतनूरवाली : दादा, आधी कोणता चतुर ते बघा. पावसाळ्यात शेतावर थव्याने घिरट्या घालतात ते पिवळसर पँटाला जातीचे चतुर. समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारे. दिवसा फारसे बसत नाहीत, त्यांच्यामागे सकाळ घालवू नका. नारिंगी डिच ज्वेल जातीचा चतुर मात्र नावाप्रमाणे गटाराकाठीही बसलेला सापडतो. नाक दाबून काढायचा!

सूर्य उगवायच्या आत जा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवतावर दव असतं, अंग गार असल्यामुळे त्यांना पटकन उडता येत नाही. पंख थरथरवायला लागले की समजायचं, गडी गरम होतोय, दोन-चार मिनिटंच उरली. भर दुपारी काही जण पोटाचं टोक सूर्याकडे उभं धरतात, ऊन कमी लागावं म्हणून. आपल्या खान्देशी उन्हात ती पोझ हमखास मिळते.

नवखा_धुळे : फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवला की हलत नाही म्हणे?

हतनूरवाली : असले उद्योग करू नका. लहानपणी शेपटीला दोरा बांधायचो तेवढं पाप पुरे आहे.

जुना_निकॉन : पांझराकाठ यांचं पटतं, पण अर्धंच. एकदा डोळ्यांतल्या बारीक खणांची चटक लागली की नुसती २५० पुरत नाही. तरी मॅक्रो लेन्स नकोच. रेनॉक्सचं डीसीआर-१५० भिंग घ्या, लेन्सच्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. २५० वर सेन्सरवर किड्याच्या खऱ्या आकाराच्या सव्वापट चित्र मिळतं आणि किड्यापासून वीसेक सेंमी लांब राहता येतं. डीसीआर-२५० घेऊ नका. त्याला बारा सेंमीवर जावं लागतं, तेवढं चतुर कुठला येऊ देतो!

खरी गोम उजेडाची. छिद्र एफ ११, शटर १/२०० सेकंद आणि कॅमेऱ्याचाच फ्लॅश. उघडा फ्लॅश मारला तर डोळ्यावर पांढरा डाग पडतो. मिक्सरच्या खोक्यात गुंडाळून येतो ना, तो फोमचा पातळ कागद दुहेरी करून फ्लॅशपुढे बांधा. मी तेच वापरतो, रबरबँडसकट.

केळीबाग_रावेर : आज सहालाच हौदावर होतो. टाचणी सापडली, दोन्ही डोळे स्पष्ट आले! शेपूट मात्र धूसर. पाठीमागे ठिबकची काळी नळी आली ती वेगळीच.

पांझराकाठ : शेपूट नव्हे, पोट आहे ते. नळीसाठी गुडघ्यावर बसा, मागे लांबची बाग येईल. सगळा हिरवा पडदा होतो.

केळीबाग_रावेर : अजून एक. हौदाच्या भिंतीला मातकट सालपट चिकटलंय, पाय शाबूत, पाठ फाटलेली, आतून पांढरे दोरे लोंबतायत. मेलेला किडा का?

हतनूरवाली : नाही हो, चतुराची कात ती. पाण्यातली अळी भिंतीवर चढली, पाठ फोडून चतुर निघून गेला. दोरे म्हणजे तिच्या श्वासनळ्यांचं अस्तर. काढू नका तिथून. उडून जायची भीती नाही, तिचे फोटो काढून आधी हात बसवा.