मदत हवी आहे : ‘ठाय’ या शब्दाचे नेमके अर्थ

विद्यार्थ्यांसाठी संगीतातील संज्ञांची टिपणे तयार करताना मी ‘ठाय’ या एकाच शब्दापाशी अडकलो आहे. तबला शिकताना ‘आधी ठाय, मग दुगुन (दुप्पट लय)’ असे गुरुजी हातावर टाळी देत सांगत, तेव्हा ठाय म्हणजे मूळची संथ लय एवढेच आम्हांला ठाऊक होते. परंतु देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘स्थाय’ म्हणजे रागाचा अवयव, म्हणजेच त्याची ओळख पटवणारा स्वरसमूह; तेथे लयीचा संबंधच नाही. पुढे तंजावरकडे गीत, प्रबंध आणि आलाप यांच्यासोबत ‘ठाय’ हा चतुर्दंडीतला, म्हणजे संगीताच्या चार मुख्य प्रकारांतला, एक स्वतंत्र प्रकार मानला गेला, आणि तंजावरच्या मराठा राजांपैकी तुळजाजींनी ‘संगीतसारामृता’त रागांची उदाहरणे देताना त्याचाही आधार घेतला.

बंदिशीची स्थायी किंवा रागवर्गीकरणातील थाट यांविषयी मला विचारायचे नाही. हाताशी असलेले दोन मराठी शब्दकोश पाहिले, तर त्यांत लयीपलीकडचा अर्थ नाही. दोन गायकांना विचारले, तर दोघांनीही लयच सांगितली. तंजावरकडचे आधार तेलुगूत असतील, तर ते मला वाचता येत नाहीत, त्यामुळे मराठी, हिंदी किंवा संस्कृतातील आधार मिळाल्यास बरे. (केवळ ध्वनिसाम्यावरची व्युत्पत्ती मात्र नको.)

लयवाचक ‘ठाय’ हा याच ‘स्थाय’पासून आला, की ‘स्था’ धातूपासून स्वतंत्रपणे? आणि रागाचा अवयव या अर्थाने तो शब्द आपल्याकडच्या एखाद्या घराण्याच्या तालमीत आजही वापरला जातो का?