मदत हवी आहे : काळ्या मातीत सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा

लातूर जिल्ह्यात गावाकडच्या घरी आई-बाबा आणि काका-काकू राहतात. मोरीचं आणि धुण्याभांड्याचं पाणी दिवसाला साधारण ३०० लिटर निघतं (संडासाचं वेगळं जातं). शोषखड्डा आहे, पण खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगली की पाणी जिरत नाही, गल्लीत येतं, डास होतात. आणि उन्हाळ्यात तेच घर टँकरची वाट बघतं! हे पाणी परसातल्या शेवग्याला आणि लिंबाला मिळावं अशी फार इच्छा आहे.

म्हणून ते आधी स्वच्छ करायला खडी भरून कर्दळ लावलेला वाफा करायचाय. पाणी तीन दिवस आत राहायला हवं, म्हणजे ९०० लिटर. खडीत ३८ टक्के पोकळी धरली तर २.४ घनमीटर खडी. पाणी अर्धा मीटर खोल, वाफा ४ मीटर बाय १.२ मीटर. वर दहा सेंटिमीटर खडी कोरडीच ठेवणार, म्हणजे डासांना उघडं पाणी सापडणार नाही. आधी तेलकट आणि गाळ अडवायला दोन कप्प्यांची टाकी.

अडलंय ते इथे. उन्हाळ्यात जमीन हात जाईल एवढी भेगाळते, त्यामुळे विटांच्या बांधकामाला तडे जातील अशी धास्ती वाटते. त्याऐवजी शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद चालेल का? काकू भांडी राखेनं घासते, त्या राखेनं खडी बुजेल का? आणि सगळ्यात मोठी काळजी वॉशिंग पावडरमधल्या सोडियमची. कर्दळ ते काढत नाही; वर्षानुवर्षं साठून माती चोपण (सोडियमनं घट्ट झालेली, पाणी न जिरणारी) झाली तर लिंबाचं काय? ज्यांनी असा वाफा प्रत्यक्ष चालवलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

कागद चालेल. खाली वाळूचा थर द्या आणि वर जुनी पोती अंथरून मगच खडी टाका, नाहीतर खडीची टोकं कागद फाडतात. कडा वीतभर उंच घ्या, पावसाचं पाणी आत शिरायला नको. खडी क्रशरची असेल तर धुऊनच भरा. राखेचा गाळ टाकीतच बसू द्या आणि टाकी नियमित उपसा. बुजलेला वाफा उकरणं फार कष्टाचं काम आहे. मेमध्ये रोज दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी ५० लिटर उडून जाणार, कर्दळ दाट असेल तर आणखी. उन्हाळ्याआधी ती छाटा.

सोडियमची शंका रास्त आहे. लिंबू खारं पाणी सोसत नाही. धुण्याचं पहिलं, साबणाचं पाणी वाफ्यात सोडूच नका, खळबळल्याचं सोडा. नारळ असेल तर वाफ्याचं पाणी आधी त्याला द्या. लिंबाच्या आळ्यातली माती मात्र दरवर्षी तपासून घ्या.