कंबरदुखी, अपुरी झोप आणि रक्तदाब: योगाभ्यासाची सुरुवात कशी करावी?

प्रश्न :
नमस्कार. माझे वय ५२ असून मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. दिवसभर बसून कंबर इतकी धरते की टेबलाला हात टेकल्याशिवाय सरळ उभे राहता येत नाही. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत आकडे डोक्यात फिरत राहतात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मे महिन्यात एका योगशिबिरात गेले होते. तिथे कोणतीही विचारपूस न करता पहिल्याच दिवशी वेगाने कपालभाती करून घेतली आणि मला घेरी आली. तेव्हापासून धास्ती बसली आहे. योगाने शरीराला आणि मनाला खरोखर फायदा होतो का, आणि माझ्यासारखीने सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १ :
ताई, मी बरीच वर्षे योगवर्ग घेते. रक्तदाब असलेल्या व्यक्तीला कपालभाती, भस्त्रिका असे वेगवान श्वासप्रकार किंवा श्वास रोखून धरणे सांगू नये. त्यामुळे चूक तुमची नव्हती, ही धास्ती आधी मनातून काढून टाका. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे आणि दोर यांच्या आधाराने आसने करण्याची जी पद्धत रूढ केली, ती ताठर आणि दुखऱ्या शरीरांसाठी मोठा दिलासा आहे. सतरंजीवर उताणे पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा आणि एक तळवा कमरेखाली सरकवून पाहा. सुरुवातीला तिथे पोकळी लागेल. पाच-सात मिनिटांत कंबर हळूहळू खाली येत हातावर टेकल्याचे जाणवेल. आठवडाभर एवढेच करा, मग श्वासाच्या लयीत मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणे) आणि नाभी जमिनीला टेकलेली ठेवून भुजंगासन (पालथे पडून छाती उचलणे) घ्या. पाय पसरून पुढे वाकण्याचे पश्चिमोत्तानासन तूर्त नको.

प्रतिसाद २ :
मी डॉक्टर आहे. योगाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची परंपरा आपल्याकडचीच आहे: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि यौगिक क्रियांचा क्ष-किरणांच्या साह्याने अभ्यास केला. तुमच्या तक्रारीशी थेट जुळणारा एक अभ्यास २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट कंबरदुखीच्या ३२० रुग्णांपैकी काहींना १२ आठवडे योगवर्ग आणि काहींना फिजिओथेरपी देण्यात आली, आणि वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत योग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही.

झोपेचे आणि रक्तदाबाचे नाते श्वासाशी आहे. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो; ते सहाच्या आसपास आणले आणि उच्छ्वास लांबवला, की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते आणि शरीर विश्रांतीच्या अवस्थेकडे वळते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. काचबिंदू नाही याची खात्री होईपर्यंत शीर्षासनाचा विचारही नको, कारण त्यात डोळ्यातला दाब बराच वाढतो. तुमच्या वयात हाडांची घनताही एकदा तपासून घ्यावी, कारण ठिसूळ मणक्यांना पुढे वाकण्याचा ताण सोसत नाही.

प्रतिसाद ३ :
माझा अनुभव मनाच्या बाजूचा आहे. वडील गेल्यावर जवळजवळ वर्षभर मला गर्दीत धडधड होत असे. सगळे जण शवासन सुचवत होते, पण डोळे मिटून पडले की विचारांचा लोंढा अधिकच वाढायचा. माझ्या शिक्षकांनी ते ओळखून आधी ताडासन, वीरभद्रासन अशी उभी आसने करून घेतली आणि पाय थकल्यावरच आडवे व्हायला सांगितले. मग भ्रामरी आली, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करणे. गुंजारवाची कंपने कपाळात आणि दातांत जाणवू लागली की तेवढा वेळ तरी मनाला धरायला काहीतरी मिळे. हे सगळे मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांसोबत चालू होते, त्यांच्याऐवजी नव्हे. म्हणून ताई, पडून राहिल्यावर आकडे फिरू लागले तर योग आपल्याला जमत नाही असे समजू नका. क्रम बदलून पाहा.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाहिल्या. खुर्ची प्लास्टिकची असल्याने सरकत होती, म्हणून ती भिंतीला टेकवली. दहा मिनिटांनी कुशीवर वळून उठले, तेव्हा हात टेकावा लागला. पण कंबर लगेच सरळ झाली. डोळ्यांची आणि हाडांची तपासणी याच आठवड्यात करून घेते.