आय-७ की आय-५? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

बी-३०४ ताई: लेकीचं इंजिनिअरिंगचं कॉलेज उद्यापासून सुरू, आणि हे काल दुकानात टोकन देऊन आलेत. सेकंड हँड लॅपटॉप, इंटेलचा आय-७ प्रोसेसर. दुकानदार म्हणे नव्या आय-५पेक्षा भारी. मला रात्रभर झोप नाही. कुणी सांगेल का?

ए-१०२ काका: वहिनी, निश्चिंत राहा. पाचापेक्षा सात मोठे.

सी-४०१: ताई, पूर्ण नंबर पाठवा. नुसत्या आय-७वर काही ठरत नाही.

ए-१०२ काका: आमच्या ऑफिसात सगळ्या साहेबांकडे आय-७च होते.

बी-२०१ काकू: टँकर कधी येणार?

सेक्रेटरी: ११ वाजता. कृपया विषय सोडू नये 🙏

सी-४०१: ताई, पूर्ण नंबर. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे दिसतो.

बी-३०४ ताई: दुकानदाराने फोटो पाठवला. आय-७ ७५००यू.

सी-४०१: नका घेऊ. पुढचे आकडे बघा. ७५००मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, २०१६ची. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, फक्त २. विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. चार वर्षं काढायचीत पोरीला.

ए-१०२ काका: तरी सात ते सातच.

डी-५०२: काका, सातवीतला मोठा की एफवायचा? 😂

ए-१०२ काका: वडीलधाऱ्यांशी बोलायची ही पद्धत नाही.

खजिनदार: ज्यांना एवढं कळतं त्यांनी सोसायटी ऑफिसचा लॅपटॉप घेताना तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.

सी-४०१: उघडलं होतं. ८ जीबी रॅम घ्या म्हणालो. बजेट नाही म्हणून ४ जीबी कुणी घेतली, मिनिट्समध्ये आहे.

खजिनदार: दाखवा मिनिट्स.

सेक्रेटरी: वैयक्तिक नको 🙏🙏

बी-३०४ ताई: अहो भांडू नका, मला सांगा. नवा आय-५ १३३४यू होता तिथे.

सी-४०१: तो चांगला. तेरावी पिढी, १० कोअर, २ ताकदीचे आणि ८ वीज वाचवणारे. शेवटचं यू म्हणजे कमी विजेचा, मूळ १५ वॅट. बॅटरी टिकते. तिची ब्रँच कुठली?

बी-३०४ ताई: कॉम्प्युटर.

सी-४०१: मग पुरेल. मेकॅनिकल असती, थ्रीडी डिझाइन वगैरे, तर शेवटी यूऐवजी एच असलेला, जास्त ताकदीचा बघा म्हणालो असतो. आय-५ १३५००एच ४५ वॅटचा, ताकदीचे कोअर ४. त्याच पिढीतल्या आय-७ १३५५यूमध्ये ताकदीचे २च आहेत. म्हणजे सतत जड काम असेल तर हा आय-५ त्या आय-७ला मागे टाकतो. काका, हे तुमच्यासाठी.

ए-१०२ काका: 👍

ए-२०३: एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू स्वस्तात मिळतोय. ७००० म्हणजे नवाच ना?

सी-४०१: त्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७ म्हणजे २०२३ची मालिका, पण ७५२०मधला २ म्हणजे झेन २, ते डिझाइन २०१९चं. ४ कोअर. ७५३०यू झेन ३, ६ कोअर. एका आकड्याचा फरक, म्हणून तर पूर्ण नंबर मागतो.

ए-२०३: बापरे. आणि ते इंटेलचं ‘कोअर अल्ट्रा’ नाव?

सी-४०१: इंटेलने डिसेंबर २०२३मध्ये अल्ट्रा आणताना नावातला ‘आय’ काढला. पण नावात नुसतं ‘कोअर ५’ असलेला वेगळा आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ वेगळा. दुकानात दोन्ही एकच म्हणून सांगतील, ऐकू नका.

बी-२०१ काकू: सव्वाअकरा झाले. टँकर?

खजिनदार: मिनिट्स अजून आले नाहीत.

सी-४०१: ताई, टोकनचं काय?

बी-३०४ ताई: परत देत नाही म्हणतोय.

ए-१०२ काका: कसा देत नाही? वहिनी, मी येतो बरोबर. परत नको, नव्यात वळतं करून घेऊ.

बी-३०४ ताई: काका, खरंच याल? मग १३३४यूच, १६ जीबी रॅम. खोक्याचा फोटो इथे टाकते.

सी-४०१: पैसे द्यायच्या आधी टाका. पूर्ण नंबर दिसेल असा.