नकाशात उत्तर वरच का असते?

भटक्या: स्टुअर्ट मॅकआर्थर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९७९ मध्ये छापलेला नकाशा बघितला. दक्षिण वर, ऑस्ट्रेलिया वरती मधोमध, युरोप खाली कुठेतरी. आपली कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली, बघून डोकंच गरगरलं. तर उत्तर वर हे ठरवलं कोणी? गोऱ्यांनीच ना, स्वतःला वर ठेवायला?

जुनी_शाई: इतकं सोपं नाहीये ते. उत्तर वर ठेवणारा भूगोलतज्ज्ञ टॉलेमी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, दुसऱ्या शतकातला. आणि युरोपवाले मध्ययुगात स्वतः पूर्व वर ठेवायचे, कारण बायबलातली स्वर्गाची बाग तिकडे, आणि मधोमध जेरुसलेम. मुसलमान नकाशाकार बऱ्याचदा दक्षिण वर काढायचे. अल इद्रीसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या रॉजर दुसऱ्यासाठी नकाशा केला तोही दक्षिण वर, म्हणजे ख्रिस्ती राजा पैसे देतोय आणि त्याचंच राज्य उलटं, तरी त्याला काही वाटलं नसावं :) व्हेनिसच्या फ्रा माउरो या साधूचा १४५० च्या आसपासचा नकाशासुद्धा दक्षिण वरच. पुढे पंधराव्या शतकात टॉलेमीचं भूगोलाचं पुस्तक लॅटिनमध्ये आलं, मग छपाई आली, आणि तीच पद्धत पक्की झाली. सत्तेचा हात आहेच, पण तो नंतरचा, हेच नकाशे जहाजांतून आणि शाळांतून जगभर गेले तेव्हाचा.

खारा_वारा: वर काय, खाली काय, खरी मारामारी मधल्या जागेची. १८८४ ला वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच शून्य रेखांश ठरलं कारण बहुतेक जहाजं आधीच ब्रिटिशांच्या सागरी नकाशांवर चालायची, फ्रान्स तटस्थ राहिला आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ धरून बसला. आपल्या ज्योतिषात ती रेषा उज्जैनवरून जायची, पण उज्जैनकडे आरमार कुठे होतं? चीन-जपानच्या शाळांत आजही पॅसिफिक मधोमध असतो.

भटक्या: मग ग्रीनलंड एवढं अवाढव्य दिसतं तो पण राजकारणाचाच भाग का?

खारा_वारा: नाही रे, ते मर्केटर या नकाशाकाराचं गणित, १५६९ च्या त्याच्या नकाशातलं. खलाशाला होकायंत्राची दिशा सरळ रेषेत मिळावी म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणलाय. ग्रीनलंड भारतापेक्षा लहान आहे, साधारण २१ लाख चौ. किमी आणि आपण ३२ लाखांच्या वर. जहाजावर ठीक, वर्गाच्या भिंतीवर तो नकाशा कशाला लावला हा प्रश्न मात्र मास्तरांना विचार.

जुनी_शाई: +१. आणि १९७२ चा अपोलो १७ चा तो पृथ्वीचा प्रसिद्ध फोटो, मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर होता. छापताना फिरवला.