पावती पुरेशी नाही
बोटीत डिझेल भरल्यावर दोन तासांत इंजिन बंद पडलं, इंधनात पाणी निघालं आणि पावती हातात आहे, म्हणजे भरपाई पंपवाल्यानेच द्यायची, असं अनेकांना वाटतं. इतकं सरळ नाही ते. विक्रेता हमखास म्हणणार, पाणी तुमच्याच टाकीतलं: झाकणाचं रबर झिजलेलं, नाहीतर अर्ध्या रिकाम्या टाकीत दव साचलेलं. टाकीच्या तळाशी जंतूंचा काळा बुळबुळीत थर सापडला तर तो एका दिवसात वाढत नाही, मग दावा लंगडा पडतो. कृपया इंजिन पुन्हा चालवून बघू नका. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग, आणखी बिघडले तर तेवढा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. सेपरेटरमधलं (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) आणि टाकीच्या तळातलं इंधन साक्षीदारासमोर वेगवेगळ्या बाटल्यांत सीलबंद करा. त्याच दिवशी तिथेच भरलेल्या दुसऱ्या बोटी अडल्या असतील तर त्यांना आजच गाठा, तो पुरावा फार भक्कम.